शुभारंभ परिवारातील ११४ जणांचं वर्गीकरण

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ७.१०
केमिस्टने फुकट दिलेली डायरी. प्रत्येक पानाखाली गुडघेदुखीच्या मलमाची जाहिरात. चालेल.
नव्या वर्षाचा संकल्प एकच. सूड.
चालायला जाणे, साखर सोडणे आणि वैजयंतीवर न खेकसणे हे संकल्प सूड पूर्ण झाल्यावर घेण्यात येतील.

१ जानेवारी. ११.३०
घटना नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी फिरवाफिरव करायला नको.
३० डिसेंबर, संध्याकाळी ६.४०. आमच्या जुईनगरच्या शुभारंभ सोसायटीचा 'शुभारंभ परिवार' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. स्थापना मी केली. ॲडमिनही मीच. त्यावर ४०२च्या राजश्रीबाईंनी लिहिलं की बी विंगमध्ये कसलातरी घाण वास येतोय. त्याच मिनिटाला माझ्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला की पावणे एमआयडीसीत अमोनिया सुटलाय. दोन आणि दोन चार. ॲडमिनने 'मला माहीत नाही' म्हणायचं नसतं. मी लिहिलं, 'मी स्वतः वास घेतला आहे. हा अमोनियाच. ओला रुमाल नाकाला लावून सर्वांनी ताबडतोब खाली उतरावे. लिफ्ट वापरू नये. – दिनानाथ पेडणेकर, ॲडमिन.'
सगळे उतरले. शिस्तीत उतरले, हे कोणी सांगत नाही. छप्पन्न कुटुंबं, नाकाला ओले टॉवेल. ए विंगच्या रावसाहेबांच्या आईला, बायजाबाईंना, वय ८४, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार मजले खाली आणलं. फायर ब्रिगेड आली. त्यांचा एक साहेब वास घेत घेत जिना चढला, तिसऱ्या मजल्यावर थांबला, आमच्या घरात शिरला आणि थेट बाल्कनीत गेला. तिथे दोन किलो जवळा वाळत घातलेला होता. वैजयंती दोन दिवस उरणजवळच्या मोरा बंदराला बहिणीकडे गेली होती. जाताना म्हणाली होती की वरच्या मजल्यावरचे झाडांना पाणी घालतात, जवळा आत घ्या. मी घेतला नाही. त्यावर दोन दिवस पाणी ठिबकत होतं.
माझी बाजू एवढीच की वास होता की नाही? होता. मग?
७.५० वाजता मला ॲडमिनपदावरून काढण्यात आलं. काढणारा निशांत. बी-२०३, वय ३४, आयटी. याला ॲडमिन मी केलं होतं, कारण मला ग्रुपचा फोटो बदलता येत नव्हता. उपकार असे फिटतात.

२ जानेवारी, गुरुवार
दिवसभर ग्रुप उघडायचा नाही असं ठरवलं. चार मिनिटं टिकलो.
कोणीतरी माझा स्टिकर बनवलाय. तोंडाला ओला नॅपकिन, खाली 'अमोनिया काका'. सकाळपासून एकवीस वेळा आला. दूध उशिरा आलं, स्टिकर. ए विंगचं कुत्रं भुंकलं, स्टिकर. खाली ऊन खात बसलेल्या बायजाबाई मला बघून म्हणाल्या, काय ओ अमोनियाभाऊ, बरं हाय का. ही म्हातारी मनापासून बोलली की टोमणा मारला ते कळलं नाही. टोमणा म्हणून नोंद घेतली.
स्टिकर निशांतचाच. दुसऱ्या कोणाला कॉम्प्युटरचं एवढं येत नाही.

३ जानेवारी, शुक्रवार
वैजयंती म्हणते, नाकाचं खरं काय ते सांगून टाका, लोक समजून घेतील.
सांगण्यासारखं काय आहे? २०२१च्या आजारपणानंतर माझं नाक थोडं निवडक झालंय. शिंक येते. सर्दी होते. वास तेवढा उशिरा येतो. मोगरा चार वर्षांत आलेला नाही, येईल. तिने हिंगाची डबी उघडून नाकाखाली धरली आणि विचारलं, आता? मी म्हटलं, हिंगात भेसळ आहे. ती डबी बंद करून आत गेली.
ही गोष्ट जगात दोन माणसांना माहीत आहे. तिसरा होणार नाही.

४ जानेवारी, शनिवार. सकाळी ६
योजना सुचली. जोरदार.
एकतीस वर्षं मी आवक-जावक विभागात काढली. कागद हातात आला की कोणत्या खणात जाणार हे मला पहिल्या ओळीत कळायचं. माणसांचंही तसंच असतं. जगात काही घडलं की ग्रुपवर कोण काय लिहितो, यावरून प्रत्येकाचा खण ठरतो. एकशे चौदा सदस्य, एकशे चौदा कार्डं. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सभा आहे, विषय 'ग्रुपची आचारसंहिता'. सेक्रेटरींकडून दहा मिनिटं मागून घेतली आहेत. त्या दहा मिनिटांत प्रत्येकाला त्याचा खण पुराव्यासह वाचून दाखवीन. लोकांच्या माना खाली जातील. निशांतची सर्वांत खाली. मग कोणीतरी म्हणेल, ॲडमिन पेडणेकरकाकाच पाहिजेत. टाळ्या. मी आधी नको म्हणेन.

४ जानेवारी. ४.००
कार्डं जुन्या लग्नपत्रिका कापून केली. मागची बाजू कोरी असते. जाड कागद, फुकट, शिवाय कोपऱ्यात गणपती. वैजयंती म्हणाली, त्यातली एक आपल्याच लग्नाची होती. आता कापली गेली. तिचा वापर निशांतसाठी केला नाही, एवढी काळजी घेतली.
कार्डं मिठाईच्या खोक्यात मावतात.

५ जानेवारी, रविवार
दुपारी दीड ते अडीच लाईट नव्हते. मेजवानी.
राजश्रीबाईंनी जोडलेले हात पाठवले. लाईट गेले, हात. लाईट आले, हात. मागे भूकंपाचा हलका धक्का बसला होता तेव्हा हात, आणि हितेशच्या मुलीला नव्वद टक्के मिळाले तेव्हाही हातच, सोबत एक फूल. खण १, जोडहाते. एकूण बावीस जण.
मारोतराव, बी-५०१, यांनी लिहिलं, आत्ताच सबस्टेशनवरून आलो. हे कायम आत्ताच तिथून आलेले असतात. तुर्भ्याला आग लागली, आत्ताच तिकडून आलो. सानपाड्यात बिबट्या दिसला, आत्ताच. हा माणूस दूध आणायला सोडून घराबाहेर पडत नाही. आणि तो बिबट्या नंतर वासरू निघाला. खण २, आत्ताच-आलो.
हितेशचं खाली स्टेशनरीचं दुकान आहे. नव्वद मेसेज होऊन गेले, लाईट येऊन पंखे फिरायला लागले, तेव्हा त्याने लिहिलं, काय झालं? हा न वाचता विचारतो. दर वेळी. खण ३.
रावसाहेब. मूळचे मराठवाड्यातले, पावण्याच्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं फिटर. त्यांनी लिहिलं, म्या म्हणलंच होतं, लोड वाढलाय. खण ४, म्या-म्हणलंच-होतं. ३० डिसेंबरलाही यांनी लिहिलं होतं की ह्यो अमोनिया न्हाई, अमोनियानं आधी डोळ्यांत पाणी येतं. तो मेसेज मी ॲडमिनच्या अधिकारात डिलीट केला होता. लोकांमध्ये गोंधळ नको म्हणून.
खण ५, मौनी. सगळं वाचतात, काही लिहीत नाहीत. एकाहत्तर जण. यांच्यापासून सर्वांत जास्त सावध राहायला हवं. काही न लिहिणाऱ्यांविरुद्ध पुरावा कसा गोळा करायचा हा प्रश्न आहे.
खण ६, शंकासुर. यात एकटा निशांत. कोणी काही लिहिलं की हा विचारतो, खात्री केली का? कुठून कळलं? चांगल्या चाललेल्या चर्चेत पाणी ओततो.
खण ७, निरीक्षक. यातही एकच सदस्य. नाव लिहीत नाही, विनय म्हणून.

८ जानेवारी, बुधवार. सायं. ५.३०
नुसतं बसून घटनांची वाट बघणं बरं नाही. शास्त्रात प्रयोग करतात. मीही केला. ग्रुपवर टाकलं, 'खात्रीलायक सूत्रांनुसार उद्या सकाळी पाणी येणार नाही. भरून ठेवावे.' साफ खोटं. आता कोण न तपासता पुढे ढकलतं ते वेळेसकट टिपायचं. पाच मिनिटांत नऊ जण सापडले. निशांतने विचारलं, काका, सूत्र कोणतं? त्याचीही वेळ टिपली.
वैजयंतीने विचारलं, आपणही भरायचं का? मी हसलो. म्हटलं, तू काळजी करू नकोस.

९ जानेवारी, गुरुवार
पाणी आलं नाही.
कुठेतरी मोठी पाइपलाइन फुटली म्हणे. अख्ख्या जुईनगरला पाणी नाही. ग्रुपवर सत्तेचाळीस जणांनी माझे आभार मानले. अमोनिया काका, या वेळी वाचवलंत. स्टिकरला कोणीतरी हार घातलाय.
आमच्या घरात थेंब नाही. आंघोळ नाही. वैजयंती सकाळपासून रिकाम्या बादल्या वाजवतेय. नऊ वाजता निशांत दोन बादल्या पाणी घेऊन आला, म्हणाला, तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही जास्तच भरलं होतं.
हा अपमान मी विसरणार नाही. प्रयोग तांत्रिक कारणास्तव रद्द.

१२ जानेवारी, रविवार
वैजयंती मोऱ्याला गेली. बहिणीचं, राहीताईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. दोन आठवडे तरी येणार नाही. जाताना सूचना. दूध उतू घालवू नका. गॅसचा कॉक प्रत्येक वेळी बंद करा. संध्याकाळी देवापुढे दिवा लावा. पण दिवा लावायच्या आधी गॅस बघा. कॉक, कॉक, कॉक. एकतीस वर्षं सरकारी फाइली सांभाळल्या, एक कागद हरवला नाही.
खिडकीतून बघितलं, तिला खाली पोचायला पंधरा मिनिटं लागली. विचारल्यावर फोनवर म्हणाली, दुसऱ्या मजल्यावर निशांतकडे थांबले होते. बहुतेक माझ्या वतीने माफी मागितली असणार. मला न विचारता.

१३ जानेवारी, सोमवार. रात्री ८.१५
निशांत आला होता. आठ वाजता. काही काम नाही. जरा पाणी प्यायला देता का म्हणाला. मी उठेपर्यंत स्वतःच स्वयंपाकघरात गेला. आयटीत एवढा पगार, घरात पाणी नाही?

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
निशांत आणि त्याची बायको श्रुती तिळगूळ घेऊन आले. तिळगूळ घ्या, गोड बोला. मी तिळगूळ घेतला. गोड बोललो नाही. बोलायचं बंधन आहे असं कुठे लिहिलेलं नाही.
चार लाडू. गोड तेवढं कळतं. तीळ, वेलची वगैरे पूर्वी कळायचं.
आणि हो, पाणी प्यायला तो आजही आत गेला.

१६ जानेवारी, गुरुवार
चौथा दिवस. आठला दोन मिनिटं कमी. आज मी आरशातून पाळत ठेवली. हा पाणी पितच नाही. ग्लास भरतो, ओट्याजवळ वाकतो, इकडेतिकडे बघतो, ग्लास तसाच बेसिनमध्ये ओततो.
कळलं! जवळा शोधतोय. घरात पुन्हा काही वाळत घातलंय का याचा पुरावा गोळा करून २६ तारखेला सभेत माझ्यावर उलटवणार. कार्डावर लाल पेनाने लिहिलं, पाण्याच्या बहाण्याने हेरगिरी.

१७ जानेवारी, शुक्रवार
खिचडी करपली. मला रंगावरून कळलं. राजश्रीबाईंना वरच्या मजल्यावर आधीच कळलं होतं म्हणे. दोन मिनिटांत निशांत हजर. गॅस बंद केला, खिडकी उघडली, पातेलं बेसिनमध्ये ठेवलं, आणि काका, बाहेरून जेवण मागवू का विचारलं. दुश्मनाच्या घरचं अन्न नको म्हटलं. मग श्रुतीने डबा पाठवला. तो जेवलो, कारण डबा श्रुतीचा होता.

१९ जानेवारी, रविवार
अहवाल लिहून झाला. अकरा पानं. सुरुवात अशी, 'मित्रहो, गेला महिना मी गप्प होतो, कारण मी बघत होतो.' दोनदा मोठ्याने वाचला. दोन्ही वेळा अंगावर काटा आला.
निशांतच्या कार्डावर आता जागा नाही. त्याला दुसरी पत्रिका जोडली.

२० जानेवारी, सोमवार
वैजयंतीचा रोजचा फोन. जेवलात का हा प्रश्न दुसरा. पहिला, कॉक बंद केला का? मागून राहीताई ओरडल्या, भावजी, नाक हाय का नुसता लावलाय! डोळ्याला पट्टी बांधून बाई माझ्या नाकावर बोलतेय.
थांबा, राहीताईंना कसं माहीत? वैजयंती म्हणाली, बहीण आहे ती माझी. म्हणजे तीन झाले. ठीक आहे. मोरा लांब आहे.
संकल्प: उद्यापासून निशांतला दार उघडायचं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार. ८.१०
आला. बेल वाजवली. मी हॉलमध्ये कार्डं हातात धरून श्वास रोखून बसलो. तीनदा वाजवली. गेला. पहिला विजय.

२२ जानेवारी, बुधवार
दुसरा विजय. लगेच वैजयंतीचा फोन, निशांतला दार का उघडत नाही? म्हणजे हेरगिरीचं जाळं थेट मोऱ्यापर्यंत पोचलंय. मी म्हटलं, मला पाणपोई चालवायची नाही. मग म्हणाली, मी उद्या-परवा येते. म्हटलं, ये, पण २६ला सभेत पहिल्या रांगेत बस.

२३ जानेवारी, गुरुवार. सायं. ७.३५
दूध तापत ठेवलं. मंद. तोवर कार्डांची अंतिम तपासणी.

७.५२
घटना! राजश्रीबाईंनी ग्रुपवर लिहिलंय, बी विंगमध्ये गॅसचा वास येतोय का कोणाला? शेवटी जोडलेले हात. बरोब्बर खण १.
देवा, तूच पाठवलीस ही घटना. तीन दिवसांवर सभा आणि ताजा पुरावा.

७.५५
मारोतराव. आत्ताच जिन्यातून आलो, भयंकर वास. खण २. अहाहा.

७.५६
रावसाहेब. म्या म्हणलंच होतं, पाइपाच्या गॅसला वास आला तर खेळ न्हाई. खण ४. सगळे आपापल्या खणात स्वतःच जाऊन बसतायत. मला फक्त वेळ लिहायची आहे.

७.५८
निशांत. 'सगळ्यांनी आधी आपापल्या घरचे बर्नर आणि कॉक बघा. लाईटचं बटण दाबू नका. काडी लावू नका.' एरवी हा खात्री केली का विचारतो, आज स्वतःच हुकूम सोडतोय. ॲडमिनपद डोक्यात गेलं. कार्डावर टिपलं. मी निरीक्षक असल्यामुळे ही सूचना मला लागू नाही.

८.०२
दारावर थापा. बेल नाही, थापा. बरीच माणसं आहेत. आली! तीन दिवस आधीच आली. संकटात खरा ॲडमिन आठवला. मनात भाषण जुळवतोय. आधी नको म्हणायचं, हे विसरायचं नाही.

८.०४
निशांतचा आवाज. काका, गॅस बंद करा, दार उघडा. अच्छा. म्हणजे हे असं आहे. अमोनियाचा सूड. मी सगळ्यांना खाली उतरवलं म्हणून आता मला घाबरवून बाहेर काढणार, आणि स्टिकरसाठी नवा फोटो. उघडणार नाही.

८.०६
रावसाहेबांचाही आवाज. उघडा वो, म्हाताऱ्या मानसानं असं करू न्हाई. कटात ए विंगपण सामील.

८.०७
हितेशने ग्रुपवर लिहिलंय, काय झालं? खण ३. संच पूर्ण!

८.०८
वैजयंतीचा फोन. आत्ता? या वेळी ती कधी

२४ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ९
कालची नोंद अर्धी राहिली.
फोनवर वैजयंती रडत होती. बत्तीस वर्षांत तिला फोनवर रडताना ऐकलेलं नाही. एवढंच म्हणाली, दुधाचं पातेलं बघा, आत्ता, फोन हातात धरून जा.
गेलो. दूध ओट्यावर, जमिनीवर, सगळीकडे. आच विझलेली. बर्नरचं बटण पूर्ण उघडं. सूं असा बारीक आवाज येत होता.
मी वाकलो आणि बर्नरला नाक लावलं. अगदी टेकवलं. काहीच नाही. जिन्यातली माणसं नाकाला पदर लावून उभी होती आणि मला बर्नरवर काहीच नाही.
चार वर्षांत पहिल्यांदा घाबरलो. मग बटण बंद केलं, कॉक बंद केला, दार उघडलं.
निशांत सरळ आत गेला आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. रावसाहेबांनी मला हाताला धरून खाली नेलं. बायजाबाईंची प्लास्टिकची खुर्ची माझ्यासाठी आणून ठेवली होती. तिच्यावर बसलो. बायजाबाई उभ्या होत्या.
देवापुढे दिवा लावायचा मी गेले अकरा दिवस विसरत होतो. कालही विसरलो होतो. काडी ओढली असती तर ही नोंद लिहायला मी नसतो, आणि बी विंगमधले बरेच जण नसते.

२४ जानेवारी. दुपारी २
वैजयंती पहिल्या लाँचने निघाली आणि उलट्या वाटेने मुंबईहून फिरून आली. म्हणाली, उरणच्या बसची वाट बघत बसायला धीर नव्हता. घरात शिरल्यावर आधी स्वयंपाकघरात जाऊन श्वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं.
निशांतला तिने १२ तारखेला सांगितलं होतं. यांना वास येत नाही, कोणाला सांगू नकोस, रोज आठला जाऊन फक्त कॉक बघ. म्हणून पाणी. म्हणून ओट्याजवळ वाकणं. २१ आणि २२ला मी दार उघडलं नाही तेव्हाही तो बाल्कनीखाली उभा राहून वास घेऊन गेला होता म्हणे.
चार माणसांना माहीत होतं. चौथ्याने बारा दिवस तोंड उघडलं नाही.

२४ जानेवारी. ५.००
ग्रुप बघितला. काल ८.४०ला निशांतने लिहिलंय, 'बी विंगमध्ये एका घरी दूध उतू जाऊन आच विझली होती. आता सगळं ठीक आहे.' एका घरी. नाव नाही.
मी असतो तर नाव, फ्लॅट नंबर आणि वेळ टाकली असती. टाकलीच असती.
एकही स्टिकर आलेला नाही. हे जास्त लागतंय.

२५ जानेवारी, शनिवार
निशांतचं कार्ड घेऊन बसलो. दोन पत्रिका जोडलेल्या, दोन्ही भरलेल्या. पाणी, वाकून बघणं, खिडकी उघडणं, बादल्या, डबा, सगळं तारखेसकट लाल पेनात. पुरावा चोख आहे. खण तेवढा चुकला.
बरोबर खण कोणता ते ठरेना. सात खणांत तो नाही. आठवा करायचा म्हटलं तर त्याला काय नाव द्यायचं?
मग स्वतःचं कार्ड काढलं. त्यावर 'निरीक्षक' एवढंच लिहिलंय. मागे वैजयंतीचं आणि माझं नाव सोनेरी अक्षरांत, अर्धं कापलेलं. गडबडीत ती पत्रिका माझ्याच वाट्याला आली होती.
अकरा पानांचा अहवाल रद्दीत घालू का असं वैजयंतीला विचारलं. ती म्हणाली, घाला, आणि बोलायचं असेल तर एक ओळ पुरे.

२६ जानेवारी, रविवार. दुपारी १
झेंडावंदन झालं. सभा झाली. माझा नंबर आला. मिठाईचं खोकं हातात होतं. ते उघडलंच नाही.
म्हणालो, मला २०२१पासून वास येत नाही. ३० डिसेंबरलाही येत नव्हता. मी खोटं लिहिलं आणि बायजाबाईंना चार मजले उतरवलं. परवा गॅस माझ्या घरातला होता.
एवढंच. खाली बसलो.
मग रावसाहेब म्हणाले, म्या म्हणलंच होतं, अमोनिया न्हाई. मी म्हटलं, हो, आणि मी तो मेसेज डिलीट केला होता. ते म्हणाले, आँ? हे त्यांना माहीत नव्हतं. राजश्रीबाईंनी खरोखर हात जोडले. मारोतराव शेजारच्याला सांगत होते की परवा आत्ताच जिन्यातून आलो होतो म्हणून वाचलो. रावसाहेबांची मुलगी क्रांती उठून म्हणाली, काका, स्टिकर मी बनवला होता, सॉरी. म्हणजे तोही निशांतचा नव्हता. एकाहत्तर जण नेहमीप्रमाणे गप्प होते, पण त्यातल्या एका मौनी बाईने जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. तिचं नावही मला घरी आल्यावर कार्डांत शोधावं लागलं.
तेवढ्यात हितेश जिलेबीचं पुडकं घेऊन गेटमधून आला आणि म्हणाला, काय झालं?
सगळे हसले. मीही. ॲडमिनचा विषय कोणी काढला नाही. नको म्हणायची तयारी फुकट गेली.

२६ जानेवारी. रात्री ८.०५
बेल वाजली. मी उघडलं. निशांत म्हणाला, जरा पाणी. वैजयंती घरात आहे, आता गरज नाही, हे दोघांनाही माहीत होतं.
तो आत गेला. वाकून कॉक बघितला. मी हॉलमधून सांगितलं, डावीकडचा बर्नरपण बघ रे.